पुडी बांधण्याआधी : पोषक पावडरी घरी कशा वाटाव्यात, कशा ठेवाव्यात

पहाटे साडेपाचला जालन्यातलं कुठलंही मैदान पाहा. भरतीची तयारी करणारी पोरं घामाघूम झालेली असतात. कुणी सोळाशे मीटरची वेळ लावतं, कुणी गोळा फेकून पाहतं. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ याच शहरात आहे, त्यामुळे वर्दीचं स्वप्न इथल्या पोरांना रोज रस्त्यावर दिसतं. यातलीच चार-पाच जणं वर्गणी काढून प्रोटीन पावडरचा मोठा डबा आणतात, कारण लहान डब्यापेक्षा तो किलोमागे स्वस्त पडतो. मग कुणाच्या तरी खोलीवर वाटणी होते. जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, चमच्याने ढीग घालायचे, किराणा सामानाच्या रिकाम्या पिशव्यांत भरायचं आणि वर गाठ मारायची.

हे फक्त पोरांचंच नाही. आजीसाठी इसबगोलाचं मोठं पाकीट येतं आणि त्यातलं थोडं गावी पाठवलं जातं. कुणी बचत गटाकडून शेवग्याच्या पाल्याची पावडर घेऊन बहिणीला अर्धी देतं. अश्वगंधा, आवळा, क्रिएटिन, ग्लुकोज, सोया, नाचणीसत्त्व असं काहीतरी आता बहुतेक घरांच्या फळीवर असतंच, आणि त्यातलं बरंचसं मूळ डब्यातून निघून दुसऱ्या कशात तरी गेलेलं असतं.

मी औषधाच्या दुकानात बसतो. पुड्या बांधणं आणि वाचणं हे माझं रोजचं काम. तरीही या विषयाचं गांभीर्य मला माझ्याच घरात कळलं. पुतण्याने आपल्या वाट्याचं क्रिएटिन एका साध्या पिशवीत बांधून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलं होतं. आईला रात्री इसबगोल घ्यायची सवय. दिवे गेलेले, तिची नजर अधू. तिने हाताला लागली ती पिशवी उघडली, चमचाभर पावडर पाण्यात ढवळली आणि प्यायली. चव वेगळी लागली म्हणून तिने सांगितलं, तेव्हा उलगडा झाला. तिला काही झालं नाही. पण सकाळी मी ती फळी खाली उतरवली, तेव्हा त्याच पिशवीच्या शेजारी भावाने शेतावरून आणलेली विद्राव्य खताची पुडी होती. तीही पांढरी, तीही गाठ मारलेली, तिच्यावरही काही लिहिलेलं नव्हतं. आईचा हात चार बोटं पलीकडे गेला असता तर काय, हा विचार अजून मनातून जात नाही.

म्हणून हा लेख. पावडर वाटताना तीन गोष्टी सांभाळायच्या असतात : कोरडेपणा, वजन आणि नाव. पहिल्या दोन चुकल्या तर पैसे वाया जातात किंवा मात्रा बिघडते. तिसरी चुकली तर जिवावर बेतू शकतं. आणि नेमकी तीच आपण सर्वांत जास्त विसरतो.

काय वाटायचं नाही, हे आधी ठरवा

प्रत्येक पावडर वाटण्याजोगी नसते. ज्या पावडरीत एकच घटक आहे आणि ज्याची मात्रा काही ग्रॅमांत मोजली जाते, ती घरी वाटायला हरकत नाही. साधं प्रोटीन, क्रिएटिन, इसबगोलाची भुशी, नाचणीसत्त्व, शेवग्याची पावडर यांत मोडतात. ज्यात अनेक घटक मिसळलेले आहेत आणि त्यातला एखादा मिलिग्रॅममध्ये आहे, तिथे हात आखडता घ्या. कण लहान-मोठे, हलके-जड असतात. डबा गाडीतून हादरत येतो तेव्हा बारीक कण खाली बसतात, जाड वर राहतात. वरचा अर्धा भाग एकाला आणि खालचा दुसऱ्याला दिला तर दोघांना मिळणारी पावडर एकसारखी राहत नाही.

ओआरएसचं पाकीट हे याचं चांगलं उदाहरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं एक पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं : ग्लुकोज १३.५, मीठ २.६, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. हे सगळं मिळून एक लिटर पाण्यासाठी आहे. ‘लेकरू लहान आहे, पाव पाकीट पुरे’ म्हणून कोरडी पावडर चौथाई काढली, तर त्या चौथाईत मीठ किती आलं आणि ग्लुकोज किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्ये विरघळवा, त्यातलं लागेल तेवढं पाजा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. कमी पाण्यासाठी हवंच असेल तर २०० मिलिलिटरचं लहान पाकीट मिळतं, ते घ्या.

ड जीवनसत्त्वाचं ६० हजार युनिटचं पाकीट अवघं एक ग्रॅमचं असतं आणि डॉक्टर ते बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायला सांगतात. त्याचे घरी भाग करू नका, आणि दुसऱ्याला ‘तूही घे’ म्हणून देऊ नका. लोह असलेल्या पावडरींबाबतही तेच. मोठ्यांना ताकद देणारं लोह लहान मुलाच्या पोटात जास्त गेलं तर ते विष ठरतं.

व्यायामाआधी घ्यायच्या, तरतरी आणणाऱ्या पावडरींत कॅफिन असतं. कॅफिनची शुद्ध पावडर तर घरात आणूच नका. ती चहाचा एक चमचाभर घेतली तर सुमारे २८ कप कॉफीइतकं कॅफिन पोटात जातं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला आहे. इतकी बारीक मात्रा घरच्या चमच्याने मोजता येत नाही. बाळाच्या दुधाची पावडरही मूळ डब्यातून हलवू नये. डब्यातला चमचा त्याच पावडरीच्या मापाचा असतो, दुसऱ्या कंपनीच्या डब्याला तो चालत नाही.

बियाण्यांच्या गावाकडून शिकण्यासारखं

जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको कंपनी सुरू केली आणि पुढे १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. या शहरात बी वाळवणं, मोजणं, पाकीटबंद करणं आणि साठवणं यावर हजारो घरांची चूल पेटते. बियाण्यांच्या गोदामात काम केलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की बी उन्हाने मरतं त्याहून जास्त ओलीने मरतं.

बीजशास्त्रात याचा एक जुना ठोकताळा आहे. हॅरिंग्टन नावाच्या अभ्यासकाने तो मांडला. बियाण्यातली ओल १ टक्क्याने कमी झाली की त्याचं आयुष्य दुप्पट होतं. साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरलं की पुन्हा दुप्पट. आणखी सोपं करून सांगतात ते असं : खोलीचं फॅरेनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज शंभराच्या आत असावी. आता ऑगस्टमधली आपली एखादी झडीची दुपार घ्या. तापमान ८० फॅरेनहाइट, आर्द्रता ८० टक्के, बेरीज १६०. पावडर म्हणजे काही जिवंत बी नव्हे, त्यामुळे हा हिशेब तिला जसाच्या तसा लागू होत नाही. पण दिशा तीच आहे. दाणा दळला की हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून पावडर ओल दाण्याहून लवकर ओढते.

ओल डब्यात शिरते कशी? पावसाळी हवेतून शिरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरातल्या वाटा जास्त आहेत. ओला चमचा हा पहिला गुन्हेगार. गरम दुधाच्या पेल्यावर डबा धरून पावडर टाकली की वाफ थेट आत जाते. आणि आपल्याकडची खास वाट म्हणजे कूलर. मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या वर, हवा ठणठणीत कोरडी. पण ज्या खोलीत पाण्याचा कूलर चालू आहे तिथली हवा दमट झालेली असते. ‘उन्हाळ्यात कसली ओल’ म्हणून कूलरसमोर बसून डबा उघडला की पावडरीचे गोळे होतात. फ्रीजचंही तसंच आहे. थंडगार डबा बाहेर काढून लगेच उघडला तर आतल्या बाजूला दव धरतं. लेबलवर फ्रीजमध्ये ठेवा असं स्पष्ट लिहिलं असेल तरच फ्रीज, एरवी नको.

वाटणी करताना

दिवस कोरडा निवडा. पावसाळ्यात उघडीप असेल ती दुपार गाठा. स्वयंपाक चालू असताना, भात शिजत असताना हे काम काढू नका. पंखा आणि कूलर बंद ठेवा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, नाका-तोंडावर स्वच्छ रुमाल बांधा. इसबगोलाची धूळ सतत नाकात गेल्याने दमा आणि ॲलर्जी झाल्याची उदाहरणं त्या उद्योगातल्या कामगारांमध्ये आढळलेली आहेत. दुधाची ॲलर्जी असलेल्याने व्हे प्रोटीनच्या वाटणीत बसूच नये.

खाली वर्तमानपत्र अंथरू नका. छपाईच्या शाईत आरोग्याला घातक द्रव्यं असतात, म्हणूनच अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांत अन्न वर्तमानपत्रात गुंडाळायला आणि ठेवायला मनाई केलेली आहे. स्टीलची कोरडी परात सगळ्यांत बरी. सांडलेली पावडर परत उचलता येते आणि परात पुसताही येते.

आधी बंद डबा हळूहळू उलटा-सुलटा करा, दहा-बारा वेळा. जोरात हलवू नका, त्याने बारीक कण पुन्हा वेगळे होतात. मग डब्यावर लिहिलेलं निव्वळ वजन पाहा. समजा २.२७ किलोचा डबा आहे आणि वाटेकरी पाच. प्रत्येकाच्या वाट्याला ४५४ ग्रॅम येतात. ३० ग्रॅमची एक मात्रा धरली तर पंधरा दिवसांची बेगमी. हे गणित डबा घेण्याआधी करा, म्हणजे स्वस्त पडतंय की नुसतं तसं वाटतंय ते कळेल.

एकाचा डबा पूर्ण भरून मग दुसऱ्याचा भरू नका. फेऱ्यांनी वाटा. पाचही डबे ओळीने मांडा, पहिल्या फेरीत प्रत्येकात १०० ग्रॅम, दुसऱ्या फेरीत पुन्हा १००, आणि शेवटची फेरी बारीक मोजून. असं केलं की वरचं आणि खालचं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं, आणि मनात किंतूही राहत नाही.

चमच्यावर विसंबू नका

चमचा जागा मोजतो, वजन नाही. चहाचा एक सपाट चमचा क्रिएटिन साधारण चार-पाच ग्रॅम भरतं. तोच चमचा इसबगोलाच्या भुशीने भरला तर त्याच्या निम्माही भरत नाही. एकच पावडर सैल घेतली तर कमी, दाबून घेतली तर जास्त. शिवाय आपल्याकडे ‘एक चमचा’ म्हणजे कुणाचा सपाट, कुणाचा शिगोशीग. डब्यासोबत मिळालेला चमचाही त्याच पावडरीसाठी बनवलेला असतो. तो दुसऱ्या डब्यात टाकू नका.

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा या कामाला पुरेसा आहे, पण तो तपासून घ्या. औषधाच्या दुकानात मिळणारी सुईविना १० मिलिलिटरची सिरिंज आणा. काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य करा आणि तीत सिरिंजने दहा वेळा पाणी सोडा. १०० मिलिलिटर पाणी म्हणजे १०० ग्रॅम. काटा ९९ ते १०१ दाखवत असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवा. काटा सपाट फरशीवर असावा, गादीवर किंवा सतरंजीवर नको.

३० ग्रॅमच्या मात्रेत एखाद्या ग्रॅमचा फरक चालून जातो. ३ ग्रॅमच्या मात्रेत तोच फरक तिसऱ्या हिश्शाचा होतो. अशा वेळी जुन्या कंपाउंडरांची रीत कामी येते. गोळ्यांच्या पट्ट्या यायच्या आधी दवाखान्यात कंपाउंडर पुड्या बांधून द्यायचे, हे आपल्या आजोबांच्या पिढीला आठवत असेल. ते प्रत्येक पुडी वेगळी तोलत बसत नसत. दहा पुड्यांचं एकत्र वजन करायचं, गुळगुळीत फरशीवर पावडरीची लांबट, सारख्या जाडीची पट्टी घालायची आणि पात्याने तिचे दहा सारखे भाग पाडायचे. घरीही ३० ग्रॅम क्रिएटिन असंच दहा भागांत वाटता येतं. औषधं मात्र असं वाटू नका. ही रीत फक्त थोडा उणा-अधिक फरक खपणाऱ्या अन्नपूरकांसाठी.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. फवारणीचं औषध, तणनाशक किंवा बीजप्रक्रियेची पावडर मोजायला वापरलेला काटा, चमचा किंवा झाकण या कामाला कधीही घेऊ नका. धुतलं तरी नाही.

डबा आणि जागा

डबा कोरडा, घट्ट झाकणाचा आणि आकाराने नेमका असावा. पाव किलो पावडरीला दोन किलोचा डबा वापरला तर उरलेली सगळी जागा हवेची, म्हणजे ओलीची. काचेची बरणी उत्तम. फक्त ती अंधाऱ्या जागी ठेवा, कारण उजेडाने शेवग्यासारख्या पावडरींचा हिरवा रंग आणि त्यासोबत गुणही उतरतो. स्टीलचा डबा चालतो, पण आपल्या बहुतेक डब्यांची झाकणं सैल बसतात. म्हणून पावडर आधी झिपच्या जाड पिशवीत घाला, पिशवीतली हवा दाबून काढा आणि मग ती डब्यात ठेवा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटल्या टाळा, त्यांच्या तळातली ओल पूर्ण जात नाही. रंगाचा, खताचा, औषधाचा रिकामा डबा कितीही मजबूत असला तरी त्याला हात लावू नका.

मोठा साठा आणि रोजचा डबा वेगळे करा, ही माझ्या मते सर्वांत उपयोगी सवय आहे. आठवड्यापुरती पावडर लहान डब्यात काढा आणि मोठा डबा बंद करून ठेवून द्या. रोज उघडणारा डबा खराब झालाच तर आठवड्याचा माल जाईल, महिन्याचा नाही. आठवडा संपला की लहान डबा धुऊन, उन्हात वाळवून मगच पुन्हा भरा. उरलेल्यावर नवं ओतू नका.

मूळ डब्यात ओल शोषणारी बारीक पुडी येते. ती फोडू नका, फेकूही नका, डब्यातच राहू द्या. बाहेरून आणायची असेल तर अन्नासाठी चालणारी घ्या. ओल धरल्यावर निळ्याचे गुलाबी होणारे दाणे कोबाल्टचे असतात, ते खाण्याच्या डब्यात नकोत.

मराठवाड्यात धान्य टिकवायच्या जुन्या युक्त्या आहेत : कणगीत कडुलिंबाचा पाला, डाळीत बिबे, तांदळाला बोरिक पावडर. ज्वारी आपण पाखडतो, तूर निवडतो, तांदूळ धुतो, म्हणून धान्यात यातलं काही निभावून गेलं. पावडर कुणी धूत नाही, ती जशीच्या तशी पोटात जाते. बिब्याचं तेल कातडी सोलून काढतं आणि बोरिक पोटात जाणं घातक आहे. या युक्त्या पावडरीला मुळीच लावू नका.

जागेचं म्हणाल तर गॅसच्या वरची फळी, खिडकी आणि फ्रीजचा माथा ही तिन्ही ठिकाणं वाईट, कारण तिथे रोज ऊब पोचते. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात वरची फळी भट्टीसारखी तापते. तिथे खालचा कप्पा निवडा, पण जमिनीला आणि माठाला लागून नको. भिंतीतलं कपाट, बाहेरच्या भिंतीकडचं नव्हे तर आतल्या भिंतीकडचं, ही बहुतेक घरांतली सगळ्यांत बरी जागा. लहान मूल असेल तर कपाटाला कडी हवी.

नाव लिहिल्याशिवाय पुडी खाली ठेवू नका

मूळ डब्यावर छापलेली माहिती ही पावडरीची जन्मपत्रिका असते. पावडर दुसरीकडे गेली आणि माहिती मागे राहिली, की ती निनावी होते. म्हणून आधी लेबल, मग पावडर, हा क्रम ठेवा. रिकाम्या डब्यावर पट्टी चिकटवा आणि तीवर ठळक मराठीत एवढं लिहा :

- पावडरीचं पूर्ण नाव आणि चव
- बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख
- मूळ डबा उघडल्याची तारीख
- एका वेळची मात्रा, ग्रॅममध्ये
- दूध, सोया, शेंगदाणा यांपैकी काही त्यात आहे का
- ती कुणासाठी आहे

पट्टीवर पारदर्शक टेप लावा, म्हणजे अक्षर पुसणार नाही. चिठ्ठी डब्याच्या आत टाकू नका. मूळ लेबलचा फोटो काढून प्रत्येक वाटेकऱ्याला पाठवा. अधू नजरेच्या माणसासाठी अक्षरासोबत खूणही असू द्या, म्हणजे झाकणाला रबर किंवा रंगीत दोरा. आमच्या आईच्या इसबगोलाच्या बरणीला आता लाल लोकरीचा धागा आहे. ती अंधारातही बोटांनी ओळखते.

छापलेली मुदत बंद डब्याची असते. उघडल्यावर ती तेवढीच राहते असं समजू नका. ‘उघडल्यानंतर इतक्या दिवसांत वापरा’ असं लेबलवर असेल तर तेच खरं, आणि वाटून घेतलेला माल महिनाभरात संपेल इतकाच घ्या.

विकत घेतानाही लेबल वाचा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक त्यावर हवा. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ‘औषधी वापरासाठी नाही’ हा इशारा, रोजची मात्रा आणि मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना असणं बंधनकारक आहे. हे नसेल तर तो डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. मित्रांमध्ये वाटून घेणं वेगळं आणि सुट्या पुड्या बांधून विकणं वेगळं. विक्री करायची तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. बचत गटाच्या ताईंनी हे ध्यानात ठेवावं.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक नियम हवा, आणि तो मोडायचा नाही : शेतीचं कुठलंही औषध आणि खत घराच्या आत येणार नाही. १९:१९:१९ सारखी विद्राव्य खतं, बुरशीनाशकं, झिंक सल्फेट यांतलं बरंचसं पांढरं किंवा फिकट आणि पावडरीच्या रूपात असतं. उरलेली पुडी ‘पुढच्या फवारणीला होईल’ म्हणून माणूस खिशातून आणतो आणि फळीवर ठेवतो. ती मूळ वेष्टनातच, आखाड्यावरच्या कुलपाच्या पेटीत राहिली पाहिजे.

घरी केलेल्या पावडरी

जवस हे मराठवाड्याचं जुनं पोषण. जवसाची चटणी आपण भाकरीशी पिढ्यान्पिढ्या खात आलो. पण जवस दळलं की त्यातलं तेल हवेला लागून खवट होऊ लागतं. म्हणून जवस अख्खंच साठवा आणि आठ दिवसांपुरतं भाजून कुटा. शेंगदाण्याच्या कुटाचंही तसंच. कुबट वास आला किंवा दाणे काळवंडलेले असतील तर मोह न धरता टाका. बुरशीचं विष भाजून जात नाही.

शेवग्याचा पाला सावलीत वाळवा. पान बोटांत चुरलं की खुळखुळ आवाज करत मोडलं पाहिजे. लवलं तर अजून ओल आहे, दळू नका. दळताना पावडर गरम होते, ती परातीत पूर्ण थंड होऊ द्या. गरम पावडर डब्यात भरली की झाकणाला आतून पाणी सुटतं. चूर्णांविषयी शारंगधर संहितेने शेकडो वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे की दोन महिन्यांनी त्यांचं वीर्य उतरू लागतं. वर्षाचं चूर्ण एकदम करून ठेवण्यात शहाणपण नाही.

कधी टाकायचं, कधी धावायचं

चमच्याने दाबल्यावर भुरभुर सुटणारा गोळा चालतो. दगडासारखा घट्ट, ओलसर किंवा डाग पडलेला गोळा दिसला तर सगळा डबा टाका, वरवरचं काढून खालचं वापरू नका. व्हे प्रोटीन तपकिरी पडलं, क जीवनसत्त्वाची पावडर पिवळी झाली, खवट वास आला, जाळी दिसली, तर ते संपलं असं समजा. कालवलेली पावडर बाटलीत दिवसभर ठेवू नका. विशेषतः जालन्याच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत तर नकोच. कोरडी पावडर सोबत न्या आणि पिण्याआधी पाणी घाला. इसबगोल मात्र भरपूर पाण्यातून आणि लगेच प्या; कमी पाण्यात तो घशातच फुगतो.

मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, गर्भारपण, थायरॉइड किंवा क्षयाची औषधं चालू असतील तर मित्राच्या वाट्यातली पावडर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीच्या वेळेत घेतलं तर गोळीचं काम अडतं.

चुकून भलती पावडर पोटात गेलीच, तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. डबा किंवा पुडी हातात घ्या आणि थेट दवाखाना गाठा, किंवा १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे, तो आजच फोनमध्ये साठवा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘काय खाल्लं?’ पुडीवर नाव असेल तर उत्तर एका क्षणात मिळतं. नसेल तर त्या शोधात जाणारी मिनिटं परत मिळत नाहीत.

हा लेख वाचून झाला की उठा आणि स्वयंपाकघराची फळी खाली उतरवा. प्रत्येक डबा, प्रत्येक पिशवी हातात घ्या. जिचं नाव घरातल्या एकाच माणसाला ठाऊक आहे, तिच्यावर आत्ताच लिहा, कारण तो माणूस रात्री घरी नसेल. जिचं नाव कुणालाच सांगता येत नाही, ती चव घेऊन ओळखायला जाऊ नका. तशीच बांधून, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही अशी टाकून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्या घरी ते आईला चुकीची पावडर प्यावी लागल्यावर झालं. तुमच्या घरी ते आधी होऊ द्या.